आईबापाच्या लग्नात नाचलेली पोर

तुम्ही एका पाच वर्षांच्या पोरीला ती आईबापाच्या लग्नात नाचली म्हणून शिक्षा दिलीत. दुसरं काही केलं नव्हतं तिनं. तुमच्या पत्राखाली नाव नसतं, नुसता हुद्दा असतो आणि शिक्का, म्हणून इथंही तुमचं नाव नाही, तुमच्या देशाचंही नाही. पण वाचलंत तर ओळखाल. असलं प्रकरण तुमच्या टेबलावर काही रोज येत नसेल.

पोरीचं नाव दिशा. आई प्राजक्ता, बाप दर्शन. दोघंही वारली जमातीची, भिवंडीच्या वरच्या अंगाला डोंगराला धरून असलेल्या एकाच पाड्यातली. आता राहायला कामतघरला, चाळीतल्या एका खोलीत. खोलीच्या मागच्या भिंतीला लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. लूम असा खडखडतो की दिशाला त्याच्याशिवाय झोप लागत नाही, ईदला कारखाना बंद राहिला की पोर दचकून उठून बसते आणि विचारते, "काय झालं?"

दर्शन मानकोलीच्या गोदामात शिफ्टमध्ये काम करायचा. देशभरातून मागवलेल्या वस्तूंची खोकी भरायची, चिकटवायची, पट्ट्यावर सोडायची. आणि प्राजक्ता लग्नं शूट करायची. जवळच्या कोन गावात भाविकचा व्हिडिओचा धंदा आहे. भाविक आगरी, घरची जमीन रस्त्यात गेलेली, त्या पैशावर कॅमेरे घेतलेले. आगऱ्यांच्या हळदी तुम्ही बघितल्या नसतील. अख्खं गाव नाचतं, बेंजो वाजतो, नवरदेवाला पिवळा करून मिरवतात, आणि उजाडेपर्यंत कुणी हलत नाही. प्राजक्ता तिथं आधी लाइट धरायला गेली. पहिल्याच हळदीला भाविक ओरडला होता, "गो पोरी, नवऱ्याच्या तोंडावर मार ना लाइट! मामाच्या ढेरीवर कशाला मारतेस, ती आपोआप दिसते!" पण दोन सीझनमध्ये कॅमेरा तिच्या खांद्यावर आला. तिसऱ्या सीझनला गिऱ्हाईक फोनवर सांगू लागलं, ती पोरगी येणार असेल तरच ऑर्डर देतो.

म्हणजे बघा, परिसरातली निम्मी लग्नं जिनं टिपली तिचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं.

हे वाचून तुम्ही भुवया उंचावल्या असतील. इथल्या शिकलेल्यांनीही उंचावल्याच. म्हणून सांगतो ते नीट ऐका. पाड्यावर आधी संसार होतो, लग्न मागून. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली, चार म्हाताऱ्यांनी बसून ताडी घेतली, बरं म्हटलं, की पोरगी त्या घरची झाली. त्या दिवसापासून ती बायको, तो नवरा, यात कुणाला शंका नसते. खरं लग्न, म्हणजे मांडव, भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेला चौक, त्यात पालघट देवी आणि गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी, हे सगळं सवडीनं. कधी पाच वर्षांनी, कधी वीस. कधी बापाचं आणि लेकाचं एकाच मांडवात. पोरं आईबापाच्या लग्नात नाचतात, जेवतात, भांडतात आणि मोठी झाल्यावर त्याच्या आठवणी सांगतात.

प्राजक्ताचे आईबाप असेच. तिचा बाप चिंतू पांढऱ्या मिशांवर बाशिंग बांधून बसला तेव्हा ती कॉलेजात जायच्या वयाची होती. पुढं भाविककडे कामाला लागल्यावर तिनं त्या लग्नाची मोबाइलवर काढलेली दृश्यं शोधून काढली, कॅमेरा उसना घेऊन आईबापाला बोलतं केलं, आणि स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ काढून वीस मिनिटांची फिल्म जोडली. त्यात चिंतूला मोठा जावई खांद्यावर घेऊन नाचतो, चिंतू वरून ओरडतो, "पाडशील रं, अजून लगीन लागायचं हाय!" आणि तिची आई हसून हसून पदर तोंडात कोंबते. ती फिल्म तिनं इकडंतिकडं पाठवली. तुमच्या देशातल्या एका फिल्म शाळेच्या बाईंनी बघितली. त्यांनी अर्ज करायला लावला. शाळेनं घेतलं, फी माफ, वर राहायखायचा खर्च, आणि पत्रात लिहिलं की कुटुंब सोबत आणलंत तरी चालेल, आम्ही घराची सोय करू.

ते पत्र प्राजक्तानं दर्शनला मराठीत करून सांगितलं. दर्शननं ऐकलं, आणि म्हणाला, "तिथं गोदामं असतील ना?"

"असतील की."

"मग झालं. खोकं काय, सगळीकडं चौकोनीच."

व्हिसासाठी तिघं मुंबईला तुमच्या कचेरीत गेली. काचेची इमारत, काचेचं दार, काचेपलीकडं तुमचा माणूस. प्राजक्ताला इंग्रजी येतं, दर्शनला नाही, म्हणून त्याच्यासाठी दुभाषी बाई दिली होती. इस्त्रीच्या मराठीत बोलणारी.

"तुमचं लग्न कधी झालं?" बाईनं विचारलं.

दर्शन हसला. "लगीन व्हायचं हाय अजून."

"म्हणजे तुम्ही पती-पत्नी नाही?"

"हाय की. ही माझी बायको. ही आमची पोर."

"पण लग्न झालेलं नाही."

"न्हाय. दिवाळीनंतर करू म्हणतो. तुम्ही पण या."

बाईनं तोंड वळवलं आणि काचेकडे बघून एक छोटं वाक्य बोलली. प्राजक्ताला ते कळलं. यांचं लग्न झालेलं नाही, एवढंच ती बोलली. बायको, पोर, दिवाळी, आमंत्रण, सगळं त्या काचेच्या अलीकडं राहिलं. प्राजक्ता मधे बोलायला गेली तर तिला हातानं थांबवलं. तिला विचारायचं ते आधीच विचारून झालं होतं.

निकाल आला. प्राजक्ताला परवानगी. दर्शन नवरा असल्याचं सिद्ध होत नाही, नामंजूर. आणि लहान मूल आईबाप दोघंही जात असतील तरच जाऊ शकतं, बाप जात नाही, म्हणून दिशाही नामंजूर.

दोन दिवसांनी दर्शन म्हणाला, "मी झालं म्हनलो असतो तर?"

"तुला काय माहीत," प्राजक्ता म्हणाली.

"न्हाय पन म्हनलो असतो तर?"

ती काही बोलली नाही. हीच तिची पहिली चूक. तिथंच त्याला म्हणायला हवं होतं की तुझं काही चुकलं नाही. पण तिच्याही मनात तेच चाललं होतं, आणि त्याला ते दिसलं.

कल्याण नाक्यावर विपुल बसतो. पासपोर्ट, व्हिसा, परदेशातली नोकरी, असली कामं करून देतो. दुकानाच्या काचेवर विमान चिकटवलेलं आहे, त्याचं शेपूट उन्हानं सोललंय. विपुलनं पत्र वाचलं आणि खुर्ची मागं रेलली.

"अरे यार, सिंपल आहे हे. सहा वर्षांपूर्वीची तारीख टाकू. भटजी माझ्या ओळखीचा आहे, देवळाचं सर्टिफिकेट देतो. दोन फोटो काढू हार घालून. फोटोत जरा बारीक दिसा, बस."

"खोटं?" दर्शन म्हणाला.

"खोटं काय त्यात? लग्न झाल्यासारखेच आहात ना? आपण फक्त तारीख देतोय. सगळे करतात."

प्राजक्ता तयार होती. हे लपवायचं कारण नाही. ती त्याच संध्याकाळी फोटो काढून मोकळी झाली असती. पण दर्शन म्हणाला की खोटं तर खोटं, लग्न तर लग्न, आधी पाड्यावर विचारू. म्हणून रविवारी तिघं पाड्यावर गेली. चिंतूनं बायडीला बोलावून घेतलं. बायडी नात्यानं प्राजक्ताची आत्या, आणि पाड्याची धवलेरी. पाड्यावरची सगळी लग्नं तिनंच लावलेली. तिनं अख्खं ऐकून घेतलं आणि तंबाखू थुंकून आली.

"लगीन लावीन मी. उद्या म्हना, उद्या. पन मागल्या सालातलं कसं लावू? पालघटीला गान्यानं बोलवावं लागतं. ती आज येल. सहा साल मागं जाऊन कशी येल ती?"

"आत्या, ते फक्त कागदावर," प्राजक्ता म्हणाली.

"मग कागदालाच नवरा कर."

चिंतू हसला, पण मग गंभीर झाला. "पोरी, आपल्यात लगीन उशिरा होतं. त्याची लाज कधी वाटली न्हाय. तू तर आमचं लगीन सगळ्या जगाला दाखवलंस. आता तुझं चोरून लावायचं?"

मग खरंच लग्न करायचं ठरलं. जे दिवाळीनंतर व्हायचं ते आत्ता करायचं, ग्रामपंचायतीत नोंद करायची, खऱ्या तारखेची, आणि खरे कागद खरे म्हणून पुढं ठेवायचे. याहून सरळ माणसानं काय करावं? तुम्ही मागितलं ते लग्न. त्यांनी लग्न दिलं.

भाविकला कळलं तर तो चिडलाच. "मना सांगितलं नय होतं तुझं लगीन बाकी हाय म्हनून! आयला, आमच्या एवढ्या हळदी शूट मारल्यास, तुझी मी नय मारनार तर कोन मारनार?" तो दोन कॅमेरे, एक ड्रोन आणि धाकट्या भावाला घेऊन पाड्यावर चढला. प्राजक्तानं त्याला बजावलं, साधं काढ. त्यानं साधं काढलं नाही. त्याला साधं येतच नाही.

बायकांनी भिंत गेरूनं सारवली, पिठाचा चौक काढला. बायडी गायला बसली ती थांबेचना. दर्शनला त्याच्या भावानं खांद्यावर घेतलं, प्राजक्ताला तिच्या मामानं, आणि ढोलावर दोघं लोकांच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघत नाचत राहिली. आणि दिशा! दिशाला वाटलं हे सगळं तिचंच आहे. येईल त्याला हात धरून सांगत होती, "आज माझ्या आईबाबांचं लगीन हाय, जेवून जा." तिला हळद हवी होती, लावली. बाशिंग हवं होतं, बायडीनं कागदाचं करून बांधलं. मग ती ढोलवाल्याच्या पुढं जाऊन अशी नाचली की म्हातारे उठून उभे राहिले. भाविकचा ड्रोन तिच्या डोक्यावरून फिरत होता आणि ती त्याला वाकुल्या दाखवत होती. प्राजक्ता मामाच्या खांद्यावरून बघत होती. कॅमेरा हातात नसताना इतकं स्वच्छ दिसतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

नोंद झाली. पुन्हा अर्ज गेला. सोबत ग्रामपंचायतीचा दाखला, पोरीचा जन्मदाखला, आणि भाविकनं मोठ्या प्रेमानं बनवलेला लग्नाचा व्हिडिओ, ड्रोननं ढगातून टिपलेल्या पाड्यासकट.

तुमचं दुसरं पत्र आलं तेव्हा प्राजक्ता कोनला स्टुडिओत होती. तिनं ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. भाविक म्हणाला, "मराठीत बोल, मना पन कळू दे."

तिनं सांगितलं. सोहळा व्हिसासाठी मांडलेला दिसतो. चित्रण धंदेवाईक आहे, अनेक कॅमेरे आणि हवाई दृश्यं आहेत. अर्जदार बाई स्वतः चित्रपट बनवते. तिनं याआधीही अशाच प्रकारचा विवाह चित्रित केलेला आहे, ज्यात प्रौढ मुलं असलेलं जोडपं वधूवर म्हणून दाखवलं आहे. याही चित्रणात जोडप्याचं म्हणवलं जाणारं मूल वऱ्हाडी म्हणून नाचताना दिसतं, जे खऱ्या विवाहाशी सुसंगत नाही. हे नातं खरं असल्याची खात्री पटत नाही. नामंजूर.

भाविक पत्राकडे बघत राहिला, इंग्रजी येत असल्यासारखा. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे माझा ड्रोन नडला?"

"नाही रे."

"मोबाइलनं हालवत हालवत काढलं असतं तर खरं वाटलं असतं त्यांना?"

प्राजक्ताला हसू आलं आणि तिनं पत्र पालथं करून ठेवलं. ज्या फिल्मवर शाळेनं तिला घेतलं, जिला त्या बाईंनी अस्सल म्हटलं, तीच फिल्म तुम्ही बघितलीत आणि म्हणालात, ही बाई लग्नांची नाटकं बसवते. तिच्या बापाचं लग्न नाटक. तिचं लग्न नाटक. दिशा तर नटीच.

तिनं शाळेला कळवलं. शाळेनं तुम्हाला लिहिलं, तुम्ही शाळेला लिहिलं, दोघांनीही फार सभ्यपणे. शेवटी त्या बाईंनी फोन केला, माफी मागितली, पण जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाही म्हणाल्या.

आता घरात तीन वाटा होत्या. न जाणं. एकटीनं जाणं. तिसरी वाट अजून कुणाला दिसत नव्हती.

"तू जा," दर्शन म्हणाला. "मी बघतो पोरीला."

"शिफ्ट फिरती तुझी. रात्रपाळीला कुणाजवळ ठेवशील?"

"पाड्यावर ठेवीन."

"आणि तू आठवड्यातून एकदा भेटशील? मग माझ्यात आणि तुझ्यात काय फरक?"

चाळीतल्या बायका आडून बोलायला लागल्या होत्या, पोर टाकून सिनेमा शिकायला निघाली. दर्शन निघाला असता, आखातात नाहीतर कुठंही, तर याच बायकांनी हार घातला असता. प्राजक्ताला फिल्मही हवी होती आणि पोरही हवी होती. बाप्यानं दोन्ही मागितलं तर त्याला कुणी हावरट म्हणत नाही. पण हे बोलून दाखवावं तर दर्शनलाच लागेल, म्हणून ती भांडी आदळायची.

शेवटी दर्शनच एकटा जाऊन विपुलला भेटला, आणि मग दोघांना बसवून विपुलनं तिसरी वाट दाखवली.

"आईबाप दोघं नाही तर मूल नाही, असा नियम आहे. त्याला एकच फट आहे. मुलाला एकटी आईच सांभाळते, बापाचा काही हात नाही, असं असेल तर मूल आईसोबत जातं. तर बाप काढायचा."

"काढायचा म्हंजे? जिता हाय मी."

"जिता राहा ना. कामाचा नाही असं दाखवायचं. सोडून गेलेला. पैसे देत नाही, येत नाही, जात नाही. दारुडा असेल तर अजून चांगलं."

"मी पीत न्हाय."

"कागदावर प्यायचीय, दर्शनभाऊ."

प्राजक्ता म्हणाली, "पण आत्ता तर लग्नाचे कागद दिले आपण. व्हिडिओ दिला."

विपुलचे डोळे चमकले. आपल्या हुशारीवर तो खूश होता. "तेच तर चांगलं झालं! त्यांनीच लिहिलंय ना लग्न खोटं आहे? आपण म्हणायचं, हो साहेब, बरोबर ओळखलंत. नवऱ्याच्या दबावाखाली केलं, माफ करा. तो कधीच सोबत नव्हता. बघा कसे पटकन मानतात. त्यांचंच म्हणणं आहे ते."

आणि तसंच झालं. एवढा अपमान दुसरा नाही. ही दोघं खरं बोलत होती तोवर तुम्ही त्यांना खोटं ठरवलंत. मग त्यांनी न केलेली लबाडी कबूल केली, न घेतलेल्या दारूवर दर्शननं सही केली, आपण या मुलीला वाढवलेलं नाही असं नोटरीसमोर लिहून दिलं, आणि तुम्हाला पहिल्यांदा ही माणसं पटली. त्या वेळी दर्शन प्राजक्ताला म्हणाला होता, "माझ्या एका वाक्यानं अडलं. माझ्याच सहीनं सुटू दे." यावेळी ती म्हणाली, तुझं काही चुकलं नव्हतं. पण आता त्याला ते ऐकू जात नव्हतं. पाड्यावर यातलं काही कुणाला सांगितलं नाही. चिंतूला सांगायचं कुठल्या तोंडानं?

एक गोष्ट राहिली होती. विपुल म्हणाला, पोरीलाही विचारतील. मोठ्यांवर त्यांचा विश्वास नसतो, पोरं खरं बोलतात असं त्यांना वाटतं. तयारी करून घ्या.

प्राजक्ता हळदी-लग्नाच्या सीझनला संध्याकाळी बाहेर पडायची ती उजाडल्यावर परत यायची. त्यामुळे दिशाला अंघोळ घालायची दर्शननं, डबा भरायचा दर्शननं, शाळेत सोडायची दर्शननं. वेणी घालायला तो गोदामातल्या बायकांकडून शिकला होता, खोकं बांधायच्या सुतळीवर सराव करून. आता दुपारच्या वेळी, दार लोटून, प्राजक्तानं पोरीला समोर बसवलं.

"तुला अंघोळ कोण घालतं?"

"बाबा."

"नाही. आई म्हणायचं. पुन्हा. अंघोळ कोण घालतं?"

"आई." दिशा हसली. खेळ होता.

"वेणी कोण घालतं?"

"आई घालते. आईला येत न्हाय वेणी!"

"हसायचं नाही. पुन्हा. बाबा कुठं आहेत?"

"माहीत नाही," दिशा म्हणाली, आणि दाराशी लसूण सोलत बसलेल्या दर्शनकडे बोट दाखवून खोखो हसत सुटली.

दर्शन उठला. लसणाची ताटली उचलून बाहेर गॅलरीत गेला. समोर बाप नसला तर पोरीला सोपं जाईल, एवढंच त्याला वाटलं. प्राजक्तानं पुन्हा विचारलं, पुन्हा, पुन्हा. कुठं थांबायचं, नजर कुठं ठेवायची, हात मांडीवर कसे ठेवायचे, सगळं तिनं शिकवलं. तिला ते येत होतं, चांगलं येत होतं, आणि त्याचीच तिला शिसारी आली. तुम्ही म्हणाला होतात ना, ही बाई नाटकं बसवते? आता बसवत होती. तुमच्यासाठीच.

शेवटी एकदा सगळं बिनचूक झालं. दिशा धावत गॅलरीत गेली आणि ओरडली, "बाबा! मी सगळं बरोबर बोलले!"

"हां," दर्शन म्हणाला. लूमच्या आवाजात त्याला मोठ्यानं बोलावं लागलं. "हुशार हाय माझी पोर."

मग प्राजक्तानं तिला शेवटचा नियम घातला. विमानात बसेपर्यंत बाहेर कुणासमोर बाबांना बाबा म्हणायचं नाही. कुणी ऐकलं तर आपल्याला जाऊ देणार नाहीत. मोठी माणसं असले नियम सोयीनं पाळतात. पोरं तसं करत नाहीत. रिक्षात, दुकानात, शाळेच्या फाटकाशी तिनं शब्द गिळला. मग घरातही. हवं असेल तर ती दर्शनचा शर्ट ओढायची. पुढं पुढं नुसती जवळ येऊन उभी राहायची. प्राजक्ता एकदा म्हणाली, "अगं, घरात म्हणायचं." दिशानं मागच्या भिंतीकडं बघितलं. तिथं कारखान्यात माणसं असतात हे तिला माहीत होतं.

काचेसमोर ती एकदाही चुकली नाही. अंघोळ आई. शाळा आई. वेणी आई. बाबा माहीत नाहीत. तीच इस्त्रीची दुभाषी बाई होती, तिनं सगळं शब्द न शब्द सांगितलं. तुमचा माणूस पहिल्यांदा हसला आणि त्यानं काचेखालच्या फटीतून पोरीला चॉकलेट सरकवलं. परवानगी आठवड्याच्या आत आली.

निघायच्या दिवशी भाविकनं गाडी आणली. विपुलनं सांगून ठेवलं होतं, दर्शननं विमानतळावर यायचं नाही. पोर रडली, गळ्यात पडली, कुणी चार प्रश्न विचारले तर सगळं मुसळ केरात. म्हणून दर्शन मानकोली नाक्यापर्यंत आला. तिथं त्याचं गोदाम, दुपारची शिफ्ट होती. वाटेत भाविकनं गाणं लावलं आणि बंद केलं.

नाक्यावर ट्रेलरची रांग लागलेली. दर्शन उतरला. प्राजक्ताचा हात त्यानं खिडकीतून धरला, मग सोडला. दिशाकडे बघून म्हणाला, "तिथं थंडी हाय. कानाला बांधायचं." दिशानं मान डोलावली. तिचे ओठ दोनदा जुळले आणि उघडलेच नाहीत. मग ती आईच्या मांडीवर चढली, तिच्या कानाला तोंड लावलं आणि बाहेरच्या ट्रकवाल्यांना ऐकू जाणार नाही अशा बारीक आवाजात विचारलं, "आई, आता बाबा म्हटलं तर चालेल?"

प्राजक्तानं तोंड उघडलं. मागच्या ट्रेलरनं हॉर्न दिला. भाविकनं गाडी पुढं घेतली. दर्शन तिथंच उभा राहिला, हात वर करावा की नाही हे न कळलेल्या माणसासारखा.

आता ती पोर तुमच्या देशात आहे. तुमच्या शाळेत जाते. तुमची भाषा आईहून भरभर बोलायला लागली आहे. रविवारी फोनवर बाप दिसतो, तो बोलतो, ती ऐकते, मान हलवते, हसते सुद्धा. पण हाक मारायची वेळ आली की अजून आईच्या तोंडाकडे बघते. आईनं हजारदा हो म्हटलं. पोरीचा आईवर भरवसा नाही, कारण नियम आईचा नव्हता, हे तिला कळलंय. नियम तुमचा होता. तेव्हा उत्तर आईकडे मागू नका, दर्शनकडे मागू नका, पाड्यावर तर मुळीच नको. ती तुम्हाला विचारते आहे. बाबा म्हटलं तर चालेल का? हो की नाही? सांगा तिला.